खापर फोडायला सेनापती बरे

अमेरिकेच्या यादवी युद्धाची एक गोष्ट आपल्याकडच्या युद्धकथाप्रेमींच्या तोंडी पक्की बसली आहे. उत्तरेकडे माणसं होती, कारखाने होते, पैसा होता. नव्हते ते फक्त सेनापती. दक्षिणेकडे बाकी सगळ्याचा दुष्काळ, पण ली, जॅक्सन, बोरगार्ड असे एकाहून एक मोहरे. म्हणून पहिली दोन वर्षं उत्तरेने नुसता मार खाल्ला, लिंकनने एकामागून एक सेनापती बदलले, शेवटी ग्रँट हाती लागला आणि युद्ध फिरलं. पानिपतचं सगळं ओझं भाऊसाहेबांच्या स्वभावावर टाकून मोकळं व्हायची सवय असलेल्या आपल्याला ही मांडणी चटकन पटते. तीत नायक आहेत, खलनायक आहेत आणि हसायला दोनचार गाढवंही आहेत.

१८६१ सालातल्या आणि १८६२ च्या पूर्वार्धातल्या लढायांना ही मांडणी लावून पाहिली की ती जागोजागी फाटते. पहिली चीर जाते ती नकाशापाशीच.

वॉशिंग्टन आणि रिचमंड या दोन राजधान्यांमधलं अंतर शंभर मैलांच्या आसपास. उत्तरेच्या नामुष्कीच्या ज्या कथा आपण ऐकतो त्यांतल्या बहुतेक या शंभर मैलांत घडल्या. वर्तमानपत्रं तिथे होती, काँग्रेसचे सभासद तिथे होते, परदेशी वकिलाती तिथे होत्या, त्यामुळे तिथली प्रत्येक चकमक जगाला कळली. अ‍ॅपलॅशियन डोंगरांच्या पश्चिमेला त्याच काळात काय चाललं होतं ते बघा. १९ जानेवारी १८६२ रोजी केंटकीत मिल स्प्रिंग्ज इथे जॉर्ज थॉमसने दक्षिणेची फौज उधळली. ६ फेब्रुवारीला टेनेसी नदीवरचा फोर्ट हेन्री पडला, १६ फेब्रुवारीला कंबरलँड नदीवरचा फोर्ट डोनेल्सन. त्याच महिन्याच्या अखेरीस नॅशव्हिल हे राजधानीचं शहर उत्तरेच्या ताब्यात आलं. मार्चमध्ये आर्कान्सात पी रिज इथे कर्टिसने व्हॅन डॉर्नला परतवलं. एप्रिलमध्ये शायलो, मिसिसिपीवरचं दहा नंबरचं बेट आणि न्यू ऑर्लिन्स, म्हणजे दक्षिणेतलं सर्वांत मोठं शहर. ६ जूनला मेम्फिस. सव्वा वर्षात दक्षिणेने केंटकीवरचा दावा, टेनेसीचा मोठा भाग आणि मिसिसिपी नदीचा बहुतेक प्रवाह गमावला. ज्या बाजूला सेनापतीच नव्हते, त्या बाजूसाठी हे सगळं कुणी जिंकलं?

यावर ठरलेलं उत्तर येतं, की निदान गुणवान अधिकारी तरी सगळे दक्षिणेत गेले. तेही खरं नाही. युद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिकेचं खडं सैन्य सोळा हजारांच्या घरातलं आणि अधिकारी अकराशेच्या आतबाहेर. त्यांतले तीनशेच्या आसपास राजीनामे देऊन किंवा बडतर्फ होऊन दक्षिणेला मिळाले. उरलेले राहिले. राहिलेल्यांत दक्षिणेत जन्मलेलेही होते. मिल स्प्रिंग्जचा थॉमस व्हर्जिनियाचा. न्यू ऑर्लिन्स घेणारा फॅरागट टेनेसीत जन्मलेला. मेक्सिकोची राजधानी जिंकणारा आणि १८६१ मध्ये उत्तरेचा सरसेनापती असलेला विनफिल्ड स्कॉट हाही व्हर्जिनियाचाच. ली गेला हे आपल्याला पाठ असतं. थॉमस राहिला हे कुणी सांगत नाही.

आता बुल रन. २१ जुलै १८६१. ज्या लढाईवर ही सगळी दंतकथा उभी आहे ती ही. इथे जरा थांबलं पाहिजे, कारण घाईत सांगितली की ती मॅकडॉवेलच्या मूर्खपणाची गोष्ट होते आणि सावकाश सांगितली की भलतीच होते.

अर्विन मॅकडॉवेल बेचाळीस वर्षांचा, ओहायोचा, हुद्द्याने मेजर, नोकरीचा बराच काळ कचेरीत गेलेला. लढाईत त्याने कधी तुकडीचं नेतृत्व केलं नव्हतं. अर्थमंत्री सॅमन चेस यांच्या वशिल्याने तो एकदम ब्रिगेडियर जनरल झाला. टीकाकार इथेच विजयी मुद्रेने थांबतात. पण त्याच्या जागी अनुभवी कोण होतं? स्कॉट पंचाहत्तरीत पोचलेला, घोड्यावर बसता न येणारा. आणि स्कॉटने मेक्सिकोच्या राजधानीवर चाल केली ती दहा-अकरा हजार माणसं घेऊन. मॅकडॉवेलच्या हाताखाली पस्तीस हजार होते. एवढी मोठी फौज उत्तर अमेरिकेच्या भूमीवर याआधी कुणी मैदानात नेलीच नव्हती. अनुभव नाही हा आरोप त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या प्रत्येक अधिकाऱ्यावर करता येतो.

मॅकडॉवेलने वेळ मागितला होता. सैनिकांना कवायत येत नाही, रेजिमेंटी ब्रिगेडमध्ये एकत्र हललेल्या नाहीत, हे तो सांगत होता. लिंकनचं उत्तर असं की तुमचे लोक कच्चे आहेत तसे त्यांचेही कच्चेच आहेत. तर्क म्हणून उत्तर बिनतोड. पण कच्च्या फौजेने चढाई करणं आणि कच्च्या फौजेने टेकडीवर उभं राहून वाट अडवणं यांत जमीनअस्मानाचा फरक असतो, आणि चढाई मॅकडॉवेलच्या वाट्याला आली होती. लिंकनचीही अडचण होती. फोर्ट समटरनंतर एप्रिलमध्ये त्याने ७५,००० स्वयंसेवक मागवले ते फक्त ९० दिवसांसाठी. जुलैच्या उत्तरार्धात त्यांची मुदत संपत होती. न्यूयॉर्कची वर्तमानपत्रं रिचमंडवर चाल करा म्हणून रोज बोंब मारत होती. लढा नाहीतर फौज घरी जाईल, अशी ती कोंडी होती. ती मॅकडॉवेलने निर्माण केली नव्हती.

त्याची योजना मात्र त्याची होती, आणि ती चांगली होती. मनॅससच्या रेल्वे जंक्शनपाशी बोरगार्ड बावीस हजारांच्या आसपास माणसं घेऊन बुल रन ओढ्यामागे बसला होता. समोरून धडक न मारता वरच्या अंगाने सडलीच्या उतारावरून ओढा ओलांडायचा आणि शत्रूच्या डाव्या बगलेवर उतरायचं, असं मॅकडॉवेलने ठरवलं. यात एक अट होती: शेनांडोआच्या खोऱ्यात जोसेफ जॉन्स्टनची जी अकरा-बारा हजारांची फौज आहे, ती तिथेच अडकून राहिली पाहिजे. ते काम रॉबर्ट पॅटरसनकडे. वय ६९, १८१२ च्या युद्धातला जुना शिपाई. त्याच्याकडे जॉन्स्टनपेक्षा बरीच जास्त माणसं होती.

पॅटरसन चुकला, हे उघड आहे. १७ जुलैला तो शत्रूपासून लांब सरकला, १८ तारखेला त्याने वॉशिंग्टनला कळवलं की शत्रू निसटलेला नाही, आणि त्याच दिवशी जॉन्स्टन निसटला. पण त्याला मिळालेले हुकूम वाचा. शत्रूला हरवा, ते झेपत नसेल तर अडकवून ठेवा, पण जपून, असा सगळा दुहेरी मामला. मॅकडॉवेलची चाल दोनतीन दिवस पुढे सरकली तरी पॅटरसन आधीच्या तारखा धरून हिशेब करत राहिला. आणि त्याच्याही पलटणींची नव्वद दिवसांची मुदत भरत आली होती. थोडं थांबा म्हणून त्याने विनवलं तेव्हा बहुतेकांनी नकार दिला. अशा फौजेने जॉन्स्टनवर हल्ला करायला हवा होता, असं आज आरामखुर्चीतून सांगणं सोपं आहे.

जॉन्स्टनच्या ब्रिगेडी ब्लू रिजचा घाट उतरून पीडमाँट स्टेशनावर आल्या आणि मनॅसस गॅप रेल्वेच्या गाड्यांत चढल्या. एका रणांगणावरून दुसऱ्या रणांगणावर रेल्वेने कुमक नेऊन लढाईचा निकाल फिरवल्याचं अमेरिकेतलं हे पहिलं ठळक उदाहरण. या एका हालचालीने मॅकडॉवेलच्या योजनेचा पाया गेला, आणि त्याला ते पुरतं कळलंही नाही. १८ तारखेला मॅकडॉवेलच्या हाताखालच्या टायलरने ब्लॅकबर्न्स फोर्डपाशी नको ती चकमक उकरून काढली. पुढचे दोन दिवस टेहळणीत आणि रसद पोचण्याची वाट बघण्यात गेले. त्या दोन दिवसांत गाड्या चालूच होत्या.

इतकं होऊनही २१ च्या दुपारपर्यंत मॅकडॉवेल जिंकत होता. रात्री दोननंतर निघालेली वळसा घालणारी डिव्हिजनं टायलरच्या माणसांनी अडवलेल्या रस्त्यावर खोळंबली, वाटही अपेक्षेपेक्षा लांब निघाली, आणि सातला व्हायचं ते साडेनऊला झालं. निशाणांच्या खुणांनी इशारा मिळाल्यावर दगडी पुलाजवळचा दक्षिणेचा इव्हान्स वळून आडवा आला. तरीही इव्हान्स, बी आणि बार्टो या तिघांना मॅथ्यूज टेकडीवरून मागे ढकललं गेलं. वॉशिंग्टनला तारा गेल्या की जय आपलाच.

त्याच सकाळी बोरगार्ड काय करत होता? जो या दिवसाचा विजयी वीर म्हणून मिरवला, त्याची स्वतःची योजना उजव्या बाजूने ओढा ओलांडून मॅकडॉवेलच्या डाव्या बगलेवर पडण्याची होती. ती सुरूच झाली नाही. युएलला हल्ल्याचा हुकूम पोचलाच नाही. बाकीच्यांना मिळालेले हुकूम एकमेकांशी जुळत नव्हते. शत्रू डावीकडे उगवला म्हणून बोरगार्डला आपली योजना गुंडाळून तिकडे धावावं लागलं. हरलेल्याची योजना दुपारपर्यंत चालली आणि जिंकलेल्याची पहाटेच मेली. सेनापतीच्या बुद्धीने निकाल लागत असेल तर या लढाईचा निकाल उलटा लागायला हवा होता.

मग हेन्री हाउस टेकडी. इथे मॅकडॉवेलच्या चुका आहेत आणि त्या झाकायचं कारण नाही. दुपारचा मोलाचा वेळ त्याने घालवला. रेजिमेंटी एकेक करून टेकडीवर पाठवल्या, एकत्र कधीच नाही. रिकेट्स आणि ग्रिफिन यांच्या तोफा पायदळाच्या भक्कम आधाराशिवाय पुढे नेल्या. पण त्या तोफा गेल्या कशा? निळे कोट घातलेली एक पलटण जवळ येताना दिसली. ग्रिफिन तोफ डागायला निघाला, तोफखान्याचा प्रमुख बॅरी म्हणाला की ती आपलीच माणसं आहेत. ती ३३ वी व्हर्जिनिया होती. दोन्ही बाजूंना अजून ठरलेला गणवेश नव्हता. उत्तरेची विस्कॉन्सिनची एक पलटण त्या दिवशी करड्या कपड्यांत लढत होती, आणि दक्षिणेचा तेव्हाचा झेंडा वारा पडला की अमेरिकेच्या झेंड्यासारखाच दिसायचा. वीस दिवसांनी मिझुरीत विल्सन्स क्रीकवर हेच घडलं: करड्या कपड्यांतली लुइझियानाची पलटण आयोवाची आपलीच समजून सीगलने जवळ येऊ दिली, त्याची तुकडी मोडली आणि त्या लढाईत उत्तरेचा सेनापती लायन मारला गेला. यात कुठल्या सेनापतीची प्रतिभा होती? शिंप्याचा हात जास्त होता.

चारच्या सुमारास खोऱ्यातून रेल्वेने आलेल्या ताज्या तुकड्या आणि अर्लीची ब्रिगेड उत्तरेच्या उजव्या बगलेवर उतरल्या, माघार सुरू झाली, आणि माघारीची पळापळ झाली. लढाई पाहायला आलेल्या बघ्यांच्या बग्ग्या, कैद झालेला एक काँग्रेस सभासद, हे सगळं प्रसिद्ध आहे. कमी प्रसिद्ध आहे ते असं, की त्या सकाळी ४ थी पेनसिल्व्हेनिया पलटण आणि न्यूयॉर्क मिलिशियाची एक तोफांची बॅटरी मुदत संपली म्हणून शत्रूच्या तोफांचे आवाज कानावर पडत असताना पिछाडीकडे चालू लागली होती. आणि जिंकलेलेही पाठलाग करू शकले नाहीत. जॉन्स्टनने नंतर मान्यच केलं की पराभवाने उत्तरेची फौज विस्कटली त्याहून जास्त विजयाने त्याची विस्कटली होती. उत्तरेची सुमारे २,९०० आणि दक्षिणेची दोन हजारांच्या आत माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. दोन अर्धवट फौजा एकमेकींवर आदळल्या. जिच्या मागे रेल्वेचं स्टेशन होतं ती उभी राहिली.

जॅक्सनच्या 'दगडी भिंत' या टोपणनावाबद्दलही दोन शब्द. टेकडीच्या माथ्यामागच्या उतारावर त्याने ब्रिगेड अचूक उभी केली, याबद्दल वाद नाही. पण ज्या वाक्याने त्याला नाव मिळालं ते उच्चारणारा जनरल बी दुसऱ्या दिवशी जखमांनी गेला, वाक्य चार दिवसांनी चार्ल्स्टनच्या वर्तमानपत्रात आलं, आणि बी कौतुक करत होता की हा भिंतीसारखा नुसता उभा का म्हणून चिडला होता, यावर तेव्हापासून वाद आहे. हाच जॅक्सन वर्षभराने सेव्हन डेजच्या लढायांत, ३० जून १८६२ रोजी व्हाइट ओकच्या दलदलीपाशी, लढाईचा आवाज कानावर असताना थकून निष्क्रिय बसला. त्या दिवसाने त्याला टोपणनाव मिळालं नाही.

आणि हाच माझा मूळ आक्षेप आहे. सेनापती हा कायमचा गुण किंवा कायमचा दुर्गुण घेऊन जन्मलेला प्राणी आहे, असं गृहीत धरलं की सुरुवातीच्या लढाया समजतच नाहीत. १८६१ च्या डिसेंबरात कुणी अमेरिकेतल्या सेनापतींची प्रतवारी लावली असती तर ती अशी दिसली असती. सर्वांत वर मॅक्लेलन, कारण पश्चिम व्हर्जिनियातल्या रिच माउंटनच्या विजयावर तो नेपोलियन ठरला होता. तिथे प्रत्यक्ष डोंगर चढून लढला रोझक्रान्स. त्याच्या गोळीबाराचा आवाज ऐकून मॅक्लेलनने समोरून हल्ला करायचा होता, तो त्याने केलाच नाही. तळाशी रॉबर्ट ली: सप्टेंबरात चीट माउंटनवर एकाच वेळी अनेक तुकड्या पोचण्याची नाजूक योजना त्याने आखली, पावसात ती फसली, दक्षिणेच्या वर्तमानपत्रांनी त्याला आजीबाई म्हटलं आणि किनाऱ्यावर खंदक खणवायला त्याची रवानगी झाली. शर्मन तर यादीतच नसता. केंटकीसाठी दोन लाख माणसं लागतील असं तो युद्धमंत्र्यांना म्हणाला, पदावरून दूर झाला आणि सिनसिनाटीच्या एका वर्तमानपत्राने त्याला वेडा ठरवून टाकलं. पुढे पश्चिमेत किती माणसं लागली ते पाहता त्याचा अंदाज फार वेडगळ नव्हता. ग्रँट त्या वर्षीच्या वसंतापर्यंत गॅलिनात वडिलांच्या चामड्याच्या दुकानात होता. नोव्हेंबरात बेलमाँटला जिंकलेल्या छावणीत त्याची माणसं लुटालूट करत बसली आणि तो कसाबसा बोटीवर चढून सुटला.

ही माणसं दोनतीन वर्षांत बदलली की त्यांच्या हाताखालची फौज, कारकून, नकाशे, बोटी आणि तारा बदलल्या? दोन्ही. पण पहिलंच तेवढं सांगायचं आणि दुसरं गिळायचं, हा उद्योग मला मान्य नाही.

दक्षिणेच्या सेनापतींच्या बाजूने तराजू किती वाकवला जातो, याची खरी परीक्षा पश्चिमेत होते. लिओनिडास पोल्क हा लुइझियानाचा बिशप. वेस्ट पॉइंटमधून बाहेर पडल्यावर लगेच सैन्य सोडून तो धर्मकार्यात गेला होता, आणि दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्याशी जुनी मैत्री म्हणून मेजर जनरल झाला. केंटकी राज्य तटस्थ होतं, आणि ती तटस्थता म्हणजे दक्षिणेला शेकडो मैलांची फुकट तटबंदी होती. सप्टेंबर १८६१ मध्ये पोल्कने कोलंबस शहर व्यापून ती तोडली. दोनतीन दिवसांत ग्रँटने पडूका घेतलं, केंटकीचं विधिमंडळ उत्तरेकडे झुकलं, आणि टेनेसी व कंबरलँड या दोन नद्यांचे दरवाजे उघडे पडले. युद्धाच्या पहिल्या वर्षातली ही बहुधा सर्वांत महागडी चूक, पण बुल रनच्या पळापळीवर हसणाऱ्यांच्या तोंडी पोल्कचं नाव येत नाही.

फोर्ट डोनेल्सनचा प्रसंग तर नाटकात घातला असता तर अतिशयोक्त म्हणून काढून टाकला असता. तिथे तीन सेनापती होते. फ्लॉइड हा युद्धाआधी अमेरिकेचा युद्धमंत्री. पकडलो गेलो तर राजद्रोहाचा खटला होईल ही त्याची धास्ती. पिलो हा राजकारणी. मेक्सिकोच्या युद्धात खंदक तटाच्या चुकीच्या बाजूला खणवल्याची कीर्ती त्याच्या नावावर होती. तिसरा बकनर, तिघांतला खरा व्यावसायिक शिपाई. १५ फेब्रुवारीला त्यांनी वेढा फोडून नॅशव्हिलचा रस्ता मोकळा केला. मग पिलोने फौज परत खंदकांत बोलावली. त्या रात्री फ्लॉइडने अधिकार पिलोकडे दिला, पिलोने बकनरकडे दिला, फ्लॉइड आपल्या व्हर्जिनियाच्या पलटणी घेऊन बोटीतून आणि पिलो छोट्या नावेतून पसार झाला, आणि बकनरने बारा हजारांहून जास्त माणसांसह शरणागती पत्करली. ज्या ग्रँटपुढे ती पत्करली त्याला आठ वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये पैशांची अडचण असताना बकनरनेच मदत केली होती.

शायलोला तर दोन्ही बाजूंची मांडणी एकदमच कोसळते. ग्रँट आणि शर्मन यांची फौज पिट्सबर्ग लँडिंगपाशी खंदकांशिवाय पसरली होती, शत्रू जवळ असल्याच्या खबरा शर्मनने धुडकावल्या होत्या, आणि ६ एप्रिल १८६२ च्या सकाळी ग्रँट कित्येक मैल दूर सॅव्हाना गावी होता. समोर होता अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन, डेव्हिसच्या मते दक्षिणेचा सर्वोत्तम सेनापती. त्याचा हल्ला ४ तारखेला व्हायचा तो पावसाने, चिखलाने आणि नवख्या माणसांच्या गोंधळाने ६ ला झाला. बोरगार्डच्या आखणीत चार कोअर एकामागे एक रांगेत उभे होते. लढाई पेटताच त्या रांगा एकमेकींत मिसळल्या आणि कोण कुणाच्या हाताखाली आहे हेच कळेना. दुपारी जॉन्स्टन पायाच्या जखमेतून रक्त जाऊन मेला. आपला डॉक्टर त्याने आधीच जखमींकडे पाठवला होता. दुसऱ्या दिवशी ब्युएलच्या ताज्या फौजेसह ग्रँटने मैदान परत घेतलं. दोन दिवसांत दोन्हीकडचे मिळून २३,००० हून अधिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले.

आता दोष कसा वाटला गेला ते बघा. बेसावध राहिल्याबद्दल ग्रँट आणि शर्मन यांच्यावर वर्तमानपत्रं तुटून पडली, पण दोघं टिकले. ग्रँटच्या हाताखालचा ल्यू वॉलेस मात्र संपला. त्याला मिळालेला हुकूम संदिग्ध होता, तो ज्या वाटेने निघाला ती आधीच्या परिस्थितीला धरून बरोबर होती, वाट बदलून पोचेपर्यंत अंधार पडला. पुढे 'बेन हर' कादंबरी लिहून तो जगप्रसिद्ध झाला, पण शायलोचा डाग काढण्यासाठी तो उरलेलं आयुष्य खुलासे देत राहिला.

बॉल्स ब्लफ याहून वाईट. २१ ऑक्टोबर १८६१ रोजी पोटोमॅकच्या कड्यावर ओरेगनचा सेनेटर आणि लिंकनचा मित्र एडवर्ड बेकर याने हवी तशी लढाई ओढवून घेतली, तो मारला गेला, शेकडो माणसं नदीत किंवा शत्रूच्या हाती गेली. मेलेला सेनेटर दोषी ठरवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. काँग्रेसने डिसेंबरात युद्धाच्या चौकशीसाठी संयुक्त समिती नेमली, आणि तिला बेकरचा वरिष्ठ चार्ल्स स्टोन सापडला. त्याला १८९ दिवस किल्ल्यात कोंडलं. आरोपपत्र कधी दिलंच नाही. सेनापतीवर खापर फोडण्याचा हा उद्योग युद्ध चालू असतानाच, राजकारण्यांनी, स्वतःच्या सोयीसाठी सुरू केला. आपण तो दीडशे वर्षांनी फुकटात चालवतो आहोत.

एका सेनापतीला मात्र मी सोडणार नाही. १८६२ च्या एप्रिलात यॉर्कटाउनला मॅक्लेलनसमोर सुरुवातीला मॅग्रूडरची तेरा हजारांच्या आसपास माणसं होती. त्याच तुकड्या पुन्हापुन्हा फिरवून मॅग्रूडरने मोठ्या फौजेचा देखावा केला, आणि मॅक्लेलन महिनाभर वेढ्याच्या तोफा मांडत बसला. तिथे दोष फौजेचा नव्हता, तारांचा नव्हता, मुदतीचा नव्हता. तो त्या माणसाच्या भित्रेपणाचा होता. पण ही फौज कवायतीला बसवून उभी केली तीही त्यानेच, आणि जूनअखेर त्याला हाकलणाऱ्या लीने सेव्हन डेजमध्ये स्वतःची वीस हजार माणसं खर्ची घातली, उत्तरेपेक्षा चारएक हजारांनी जास्त. नकाशे चुकीचे, मदतनीस अधिकारी मूठभर, हुकूम उशिरा. माल्व्हर्न हिलवर १ जुलैला पाच हजारांहून जास्त माणसं तोफांसमोर पडली. हे कुणी लीचं गाढवपण म्हणत नाही. म्हणू नयेच. पण मग मॅकडॉवेललाही तीच सवलत द्या.

सुरुवातीला उत्तरेला पूर्वेत खरंच कशाने मागे ठेवलं, याचं एक कारण कंटाळवाणं असल्यामुळे सांगितलं जात नाही. स्कॉटने जुनं खडं सैन्य मोडलं नाही. त्याचे शिकलेले अधिकारी आणि हवालदार आपापल्या जुन्या पलटणींत राहिले, आणि स्वयंसेवकांच्या नव्या पलटणींना वकील, संपादक आणि मतांनी निवडलेले कॅप्टन मिळाले. दक्षिणेकडे मोडायला जुनं सैन्यच नव्हतं, त्यामुळे तिकडे गेलेले तीनशे अधिकारी आणि व्हर्जिनियाच्या लष्करी शाळेतली पोरं नव्या पलटणींत विखुरली गेली. वरच्या सेनापतीपेक्षा खालच्या मेजरने आणि सार्जंटने हा फरक पाडला.

मग गुणवान दक्षिणी सेनापतींची कथा आली कुठून? बऱ्याच अंशी युद्ध हरल्यावर. रिचमंडचा पत्रकार पोलार्ड याने १८६६ मध्ये हरवलेल्या ध्येयाचा इतिहास लिहिला, आणि बुल रनवर ज्याची ब्रिगेड शेवटी पोचली तोच जुबाल अर्ली पुढे सदर्न हिस्टॉरिकल सोसायटीच्या आधारे हे काम चालवत राहिला. आम्ही शौर्यात आणि बुद्धीत सरस होतो, हरलो ते फक्त संख्येमुळे, आणि लढलो ते गुलामगिरीसाठी नव्हे, असा तो दावा होता. तिसऱ्या भागाला सन्माननीय करण्यासाठी पहिला भाग लागतो. वास्तविक दक्षिणेचा उपाध्यक्ष स्टीव्हन्स याने मार्च १८६१ मध्ये सव्हानाच्या भाषणात आपल्या राज्यव्यवस्थेचा पाया कृष्णवर्णीयांची गुलामी हाच असल्याचं उघड सांगितलं होतं. ज्या भाषेत जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, त्या भाषेत तरी अर्लीची कैफियत इतिहास म्हणून पुन्हा छापू नये.

पुढे कुणी बुल रनची गोष्ट मॅकडॉवेलच्या अकलेपासून सुरू केली तर त्याला एवढंच विचारा, की जॉन्स्टनच्या ब्रिगेडी कुठल्या स्टेशनावर गाडीत चढल्या आणि ४ थी पेनसिल्व्हेनिया त्या सकाळी कुठल्या दिशेने चालली होती. दोन्ही उत्तरं येत असतील तर मग सेनापतींबद्दल खुशाल बोलू.